पणजीचं माहेरचं नाव

जुन्या नोंदींतून उभी केलेली पणजी पडद्यावर बोलत होती. संदर्भाशिवाय एक वाक्यही बोलायचं नाही, असा मेलेल्यांसाठी कायदाच होता.

"मी सुमती दामोदर पितळे. संदर्भ: विवाह नोंद सूची."

"आणि लग्नाआधी?" शाल्मलीनं विचारलं.

"नोंद नाही."

लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवं नाव लिहिलं, की जुनं माहेरीच राहायचं. पण शेवटी भान हरपल्यावर पणजी त्या जुन्या नावालाच ओ द्यायची, असं आई सांगायची. आई गेल्या महिन्यात गेली. आता ते नाव एकट्या शाल्मलीला ठाऊक होतं.

ती पडद्याजवळ सरकली.

"चंपू," तिनं हाक मारली.

पणजीनं सगळ्या नोंदी चाळल्या.

"ओ," ती म्हणाली. "संदर्भ: तू."