नकाशातली पाणंद

“तीनशे मीटर सरळ जा,” फोनमधली बाई म्हणाली आणि बालाजीने करकचून ब्रेक मारला. समोर रस्ताच नव्हता. तूर उभी होती, छातीएवढी, शेंगांनी लगडलेली.

बालाजी अँब्युलन्स चालवताना फोनकडे बघत नसे. नजर रस्त्यावर आणि कान फोनला, ही त्याची पद्धत. आज पहिल्यांदाच त्याने फोन हातात घेऊन नकाशा पाहिला. नकाशातही गाडीवाटेची पाणंद त्याच तुरीच्या मधून सरळ पलीकडच्या आखाड्यापर्यंत, शेतातल्या घरापर्यंत, गेली होती. आखाड्याचे पत्रे इथून दिसत होते. पेशंट तिथेच होती. “सरळ जा,” बाईने पुन्हा सांगितले. बालाजीने तिला एक कचकचीत शिवी हासडली आणि पेशंटच्या नवऱ्याला, संतरामला, फोन लावला.

“कुठं अडकले तुमी?” संतराम ओरडला. “हितं बायकोला श्वास घेता येईना!”

“नकाशा दाखवून राहिला, फोन सांगून राहिला, अन् समोर तूर! रस्ता कुठं गेला?”

“त्या फोनचं काहून ऐकता? डोळे न्हाईत का तुमाला? पुसेगाववरून फिरून या!”

“फिरून यायला पाऊण तास लागंल. तेवढा दम हाय का बाईत?”

संतरामने शेजारच्या गड्यांना हाक मारली. मग म्हणाला, “बाजेवर आणतो.”

चौघांनी नर्मदाबाईची बाज खांद्यावर घेतली. तुरीत पाय अडखळत होते, फांद्या तोंडावर येत होत्या. पुढे संतराम दोन्ही हातांनी तूर बाजूला सारत होता आणि मागे वळून खेकसत होता, “ओळीतून चला, ओळीतून!” तीनशे मीटरला वीस मिनिटे लागली. बालाजी बांधावर नुसता धुमसत उभा होता. गाडीत ऑक्सिजन होता, डॉक्टर होत्या, आणि डोळ्यांसमोर एक बाई ओठ निळे पडेस्तोवर हवेसाठी झगडत होती. याचाही राग येत नसेल, तर माणसाने माणूस म्हणवून घेऊ नये.

नर्मदाबाई गाडीत आली. डॉक्टरांनी मास्क लावला. मागचा दरवाजा लावता लावता बालाजीचा ताबा सुटला.

“सरकारी पाणंद नांगरून तूर पेरणारा हरामखोर कोण हाय? नाव सांगा. आजच्या आज तहसीलात लिहून देतो!”

चौघांनी माना खाली घातल्या.

“जाऊ द्या साहेब,” संतराम म्हणाला. “आधी गाडी काढा.”

“गाडी निघूनच राहिली. नाव सांगा!”

नर्मदाबाईने तोंडावरचा मास्क बाजूला ओढला. लग्नाला छत्तीस वर्षे झाली होती. जत्रेत चुकामूक झाली, दवाखान्यात कागद भरायची वेळ आली, तरी तिने नवऱ्याचे नाव कधी तोंडातून काढले नव्हते. ते नेहमी दुसऱ्या कोणीतरी सांगायचे. धापा टाकत, संतरामवरची नजर न हलवता ती म्हणाली,

“लिव्हा भाऊ. संतराम.”