साधे दात

गेल्या आठवड्यात आलेला रक्ताचा रिपोर्ट स्क्रीनवर उघडला आणि दातांच्या डॉक्टर सबनीस यांचा आवाज एकदम मऊ झाला. "काकू, तुम्हाला साधे दात पुरतील."

कुमुदिनीबाईंना ते खटकलं. त्यांच्या नवऱ्याला, विलासरावांना, इथेच सगळ्यांत टिकाऊ दात बसवले होते. आणि ते तर वयाने मोठे.

"यांना वेगळे का मग?"

"हल्ली जन्मतारीख कोणी बघत नाही, काकू. शरीर अजून किती चालेल, ते यंत्र रक्तावरून सांगतं. तसे दात निवडतो."

"आणि साधे किती टिकतात?"

डॉक्टरांनी नजर वळवली. "तुम्हाला पुरतील एवढे."

बाहेर विलासराव वाट बघत होते.

"साधे बसवणार आहेत," कुमुदिनीबाई म्हणाल्या.

एरवी भाजीवालीशीही हुज्जत घालणाऱ्या विलासरावांनी कारण विचारलं नाही. बायकोच्या हातातली पिशवी घेत ते म्हणाले, "उद्या तुझ्या बहिणीकडे जाऊ या का, मालवणला? तू कधीची म्हणते आहेस."

कुमुदिनीबाई जागच्या हलल्या नाहीत.

"माझ्या रिपोर्टचं सांगायला तुम्हाला डॉक्टरांनी कधी बोलावलं होतं?"

विलासरावांनी पिशवीचे बंद सारखे केले.

"सोमवारी," ते म्हणाले.