तुरीचा जुना भाव

श्रावणीच्या पत्राला हत्तुरेअण्णांनी चार महिने उत्तर दिलं नव्हतं. पुण्याच्या एका कंपनीत ती तुरीच्या वायदेबाजारासाठी जुन्या भावांचा निर्देशांक तयार करत होती. 'सोलापूरचे त्या दहा वर्षांचे भाव फक्त तुमच्या नोंदीत सापडतात. लोक त्यांच्या भरवशावर पैसे लावतील. ते खरे आहेत ना? कुणाकडून पडताळून मिळतील का?' एवढंच तिनं विचारलं होतं.

अण्णा तेव्हा सोलापूरच्या धान्यबाजारात कारकून होते. रोजचा भाव नोंदवून वर्तमानपत्राला कळवायचं त्यांचं काम. पण सौद्याच्या गर्दीत उभं राहायची त्यांना भीड वाटायची, म्हणून ते अडत्या हुसेनसाबला फोन करून विचारायचे. आता पत्र येऊन चार महिने झाल्यावर शेवटी धीर करून ते त्याच्याच घरी गेले.

"हुसेनसाब, तुम्ही सांगायचा तो भाव सौद्यातलाच असायचा ना?"

म्हातारा हुसेनसाब खो खो हसला. "सौदा माझा भाऊ बघायचा, अण्णा. मी गादीवर पेपर वाचत बसायचो. तुमचा फोन आला की पेपरातला तुमचाच कालचा भाव पाच-दहा रुपये मागंपुढं करून सांगायचो की! लई भरवशाचा भाव हुता तुमचा."

अण्णा चहा तसाच ठेवून उठले. खरं लिहावं, तर दहा वर्षं कोरी होत होती. घरी येऊन त्यांनी चार कागद फाडले आणि पाचवा पोस्टाच्या पेटीत टाकला.


'चि. श्रावणीस आशीर्वाद. हुसेनसाबांकडून पडताळून घेतलं. आकडे जुळतात.'