चुन्याचं लाल

“सर, कोळशात चिमूटभर चुना टाकला तर?”

शरयू आणि शकू या मैत्रिणींनी पैज लावली होती की एवढ्या पोरांसमोर अंजनी तोंड उघडणार नाही. तिने उघडलं. सन एकोणीसशे अडतीस, जबलपूरच्या कॉलेजातलं प्रदर्शन. मागच्या बाकावर आई-बाबा बसलेले. मॅट्रिक झाली तेवढं पुरे, असं घरी बोलून झालं होतं.

प्रोफेसरांनी नुकताच काचेच्या नळीत दगडी कोळसा तापवून दाखवला होता. नळीच्या तोंडाशी धरलेला हळदीचा ओला कागद सावकाश तांबूस झाला. कोळशातला नायट्रोजन अमोनिया होऊन निघतो, त्याची ती खूण.

“टाकून बघ,” ते म्हणाले.

अंजनीने दुसऱ्या नळीत कोळशाची पूड घेतली, चुना मिसळला, खाली दिवा सरकवला. नवा कागद बघता बघता लाल झाला.

“पानवाली है,” मागून कोणीतरी म्हणालं. पोरं खिदळली.

प्रोफेसरांनी मान हलवली. “चुना उडून कागदाला लागला असेल, मुली. हळद चुन्यानेही लाल होतेच.”

तिचे कान तापले. कुंकू करायला घरी हळदीत चुना कालवायचा तो तिनेच.

“चुन्याचं लाल जात नाही, सर. हे जाईल. थोडं थांबता का?”

तिने बोटाने चुना लावून आणखी एक कागद लाल केला आणि दोन्ही शेजारी ठेवले. सगळे थांबले. नाहीच गेलं तर? शरयूकडे बघायची सोय नव्हती. बाबांकडे तर नाहीच.

मग नळीवर धरलेल्या कागदाची कड पिवळी पडू लागली. हळूहळू सगळा कागद पिवळा झाला. चुन्याचा होता तसाच लाल.

प्रोफेसर वाकून बघत राहिले. “मग चुन्याने केलं काय?”

“निघायचं ते कोळशातच होतं, सर. चुन्याने लवकर बाहेर काढलं.”

“कोणत्या वर्गात आहेस?”

“तिचं शिक्षण झालं,” बाबा मागून म्हणाले. “चल अंजनी, उशीर होऊन राहिला.”

अंजनी वळली.

“नाही झालं, बाबा. मी इथं सायन्सला नाव घालून राहिली. सोमवारी अर्जावर तुमची सही लागेल.” तिने श्वास घेतला. “नाही केली, तर मंगळवारी पुन्हा मागीन.”