कडीपर्यंतचा पिक्चर

मोबाइलमधल्या बाईने पायात चपला सरकवल्या, दारापर्यंत आली, कडीवर हात ठेवला आणि अंधार झाला. मग नुसती अक्षरं, पिक्चरचं नाव. उमरावबाईने बोटाने ट्रेलर पुन्हा सुरुवातीला नेला. कापडाच्या थानांआड टेकवलेल्या मोबाइलमध्ये ती मेळ्यात गाणारी बाई पुन्हा लहान झाली, पुन्हा गायली, पुन्हा तिच्या बापाने तिला आत कोंडायला दाराला कडी घातली.

लोणखेड्याच्या या दुकानात साडीला फॉल घ्यायला येणाऱ्या बायका कोणता पिक्चर बघावा हेही उमरावबाईलाच विचारत. आणि तिने जन्मात एकही पिक्चर अख्खा बघितलेला नव्हता. माहेरच्या गावी टॉकीज नव्हतं, आणि सासरी आल्या आल्या सिनेमा सोडण्याचा नियम लागला, तोही जैन साधूंपुढे, महाराजसाहेबांपुढे. पण ट्रेलर आणि क्लिपा म्हणजे काही पिक्चर नव्हे, असं तिने आपलं आपणच ठरवून टाकलं होतं. जीव मरू नये म्हणून पाणी गाळून पिणारी ही बाई मारामारीचे ट्रेलर डोळे फाडफाडून बघायची. गाड्या कशा उडतात, कोण कुणाला काचेतून बाहेर फेकतो, सगळं पाठ. त्या पिक्चरांचं पुढचं बघितलं नाही म्हणून तिचं काही अडत नव्हतं. शेवटी कोण मरणार ते तोंडावरूनच कळतं. या गाणारीने मात्र तिचं डोकं खाल्लं होतं. कडी काढली तिने, की मागे फिरली?

"मावशी, चाल ना," शीला म्हणाली. ती गावातलीच, शेतकऱ्याघरची, फॉल घ्यायला आलेली. "शहादाले तीनना शो शे. मन्हाकडे दोन तिकिटं शेतस, नणंदनं ऐन टाइमले डोकं दुखाले लागनं. उद्या नवा पिच्चर लागी. आजनाच दिन शे."

उमरावबाईचा हात मोबाइलवरच राहिला. गादीवर बसलेल्या इंदरमलशेठांनी, तिच्या नवऱ्याने, मान वर केली आणि मारवाडीत हळूच बजावलं, की तुला नियम आहे, ट्रेलर बघितलेस तेवढं पाप पुरे, आता गप बस.

लग्न झाल्यापासून या घरातलं प्रत्येक भांडण मारवाडीत झालं होतं. खालच्या आवाजात, ओठ फार न हलवता, गिऱ्हाइकाला पत्ता लागू नये म्हणून. उमरावबाईने मोबाइल पालथा घातला आणि उत्तर अहिराणीत दिलं. पलीकडच्या किराणावाल्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात.

"तुम्ही सुरतले माल लेवाले जातस, तव्हय पिच्चर दखतस ना?"

इंदरमलशेठांनी शीलाकडे चोरटी नजर टाकली. शीला फॉलचे रंग बघत होती, म्हणजे कान देऊन ऐकत होती. आता मारवाडीत बोलण्यात अर्थ उरला नव्हता.

"दखस. मी कोठे नियम लिधा व्हता?"

"मी बी नही लिधा."

"काय बोली ऱ्हायनी तू? मन्हासमोर लिधा."

"महाराजसाहेबनी मन्हाकडे दखीसन इचारं. मन्हा तोंडवर पदर व्हता. हां म्हनं ते तुमनी मायनी."

नव्या सुनेच्या ओठांवर काही यायच्या आतच शेजारून आलेला तो होकार उमरावबाईला अजून ऐकू येत होता. सासूने वर तिचे हात धरून जोडले होते, लहान मुलाचे जोडतात तसे. आपण काय म्हटलं असतं, हो की नाही, हे तिला आजही सांगता आलं नसतं. विचारलं तिला होतं, एवढं मात्र पक्कं होतं.

"मंग इतला वरीस का बरं पाळा?" इंदरमलशेठांनी विचारलं. त्यांना वाटलं, इथे तरी ती अडकेल.

"मी तुमनी मायना मान ठेवा," उमरावबाई म्हणाली. "आते मन्हा ठेवस."

शेठांनी मोजायची पट्टी उचलली, मोजायला समोर काहीच नव्हतं, पुन्हा खाली ठेवली. उमरावबाईने फॉल कागदात गुंडाळून शीलाच्या पिशवीत टाकला, मोबाइल कमरेला खोचला, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि पायरीवर येऊन चपला घातल्या. शीलाने तोवर रिक्षा थांबवली होती.

दिवस बुडायच्या आत जेवायचं, हा नियम मात्र इंदरमलशेठांचा स्वतःचा होता, स्वतःच्या तोंडाने मागून घेतलेला. आणि ताट वाढायचं काम अर्थातच उमरावबाईकडे. ते गादीवरून उठून दारापर्यंत आले. आवाज बराच उतरला होता.

"दिन डुबाना पहिले येशी ना?"

उमरावबाईचा एक पाय रिक्षात होता. ती थांबली. खोटं बोलणं तिच्या स्वभावात नव्हतं आणि खरं तिला माहीत नव्हतं.

"डब्बामा खाखरा शे," ती म्हणाली. "अख्खा पिच्चर कितला मोठा ऱ्हास, मी कव्हय दखेल शे?"