पडद्याच्या अलीकडे

“काळजीच सोडा, वहिनी!” तोंडातल्या टाचण्या काढत शिंपी म्हणाला. “या बाजूची दुमड जरा जास्त घेतो. पोरगी चालली काय, धावली काय, कोणाच्या लक्षातसुद्धा यायचं नाही.”

स्टुलावर उभी असलेली मुलगी लाजून हसली. ती शिंप्याच्या लेकीच्या वर्गातली, तिच्याच बाकावर बसणारी. एक पाय तोकडा, म्हणून शाळेचा स्कर्ट त्या बाजूला लोंबायचा.

लेकीने तिचा हात धरला. “किती गोड दिसतेस ग! बघतच राहावं.”

मुलीच्या आईला भरून आलं. “अशी मैत्रीण मिळायला नशीब लागतं हो,” ती म्हणाली, आणि मायलेकी गेल्या.

शिंप्याची छाती फुगली. पोरीने बापाचीच जीभ घेतली, नुसती साखर.

लेक पडद्याआड पळाली. त्या जाड पडद्याने दुकानाचे दोन भाग केले होते. पुढे गिऱ्हाईक; मागे मशीन, इस्त्री आणि काज-बटणं करणारी बायको. शिंपी आत आला, तर लेक गळ्यात टेप अडकवून कपड्यांच्या ढिगाभोवती लंगडत होती.

“काळजीच सोडा, वहिनी! स्कर्ट सरळ करून देतो. तंगडी मात्र वाकडी ती वाकडीच!”

आवाज हुबेहूब बापाचा. बायको फस्सकन हसली, आणि लगेच तिने तोंडावर हात दाबला.

“ए, गप!” शिंपी ओरडला. “मैत्रीण ना ती तुझी? लाज नाही वाटत?”

लेक थांबली. टाळ्यांची वाट बघत होती ती. “पण बाबा, समोर कुठे केलं? ती गेल्यावर केलं ना!”

सकाळीच त्याने शर्टात चिंध्यांचं गाठोडं कोंबून एका गिऱ्हाइकाची ढेरी नाचवली होती. त्याच गिऱ्हाइकाला त्याआधी पाचच मिनिटं “साहेब, तब्येत काय राखलीय!” म्हणून दारापर्यंत पोचवलं होतं. तेव्हा हीच पोर पोट धरून हसली होती. माणूस पायरी उतरतोय न उतरतोय तोच आत त्याची नक्कल, हा घरातला रोजचा विरंगुळा. दिवसभर लोकांपुढे वाकायचं, मग जरा हसलं तर कोणाचं काय जातं, असं तो म्हणायचा. पण मघाचा तो तोकडा पाय त्याने स्वतःच्या हाताने मापला होता. त्या हाताकडे त्याला बघवेना.

तो पुढे आला. कपाटातून त्याने एक फ्रॉक काढला. लोकांची कामं मागे सारून, लेकीसाठी गुपचूप शिवलेला. बायकोही बाहेर येऊन उभी राहिली. त्याने लेकीला हाक मारली.

“घे, तुझ्यासाठी आहे. आणि पुन्हा असं करायचं नाही, कळलं?”

लेकीने फ्रॉक अंगाला लावला आणि मान जराशी तिरकी केली. एरवी बापाला अरे-तुरे करणारी पोर ती.

“अहाहा! काय फिटिंग आहे! तुमच्या हाताला तोड नाही हो, बाबा.”

आणि फ्रॉक घालून बघायला ती पडद्याआड गेली. पडद्याच्या कड्या खळकन वाजल्या.

“खरंच आवडला का ग?” शिंप्याने विचारलं. आवाज नको तितका मऊ निघाला.

“काळजीच सोडा!” आतून गोड उत्तर आलं.

मग आत ती एकटीच खुदकन हसली.

नवरा-बायकोने एकमेकांकडे पाहिलं. पडद्याला हात लावायची हिंमत दोघांनाही झाली नाही.