फुंकर

यंत्रावरचा दिवा लाल झाला तेव्हा म्हाताऱ्या क्लिफर्ड एन्टविसलला आधी वाटलं, आपणच नीट फुंकलं नाही.

"परत फुंकू?"

"दोनदा फुंकलंत," लोरेन म्हणाली. "अठ्ठावीस. क्लिफ, एवढा आकडा रोज पाकीटभर ओढणाऱ्याचा येतो."

इंग्लंडमधल्या अ‍ॅक्रिंग्टनच्या औषधांच्या दुकानामागे एक खोली होती. तिथे बसून लोरेन वर्षानुवर्षं लोकांची सिगारेट सोडवत आली होती. खोटं ऐकून तिचे कान किटले होते. माणसं आईची शपथ घेत आणि कोटाला भपकारा येत असे. क्लिफर्डला मात्र ती त्यातला समजत नव्हती, म्हणून तिला जास्तच वाईट वाटलं.

"मी ओढलेली नाही," त्याने खिशातून व्हेप, म्हणजे वाफेची इलेक्ट्रॉनिक सिगारेट, काढून टेबलावर ठेवलं. "हेच ओढतो. तूच दिलेलं. वाफेने लाल होतो का तुझा दिवा?"

"नाही. वापरून फेकायचं व्हेप असो नाहीतर हे भरायचं, वाफ यात दिसतच नाही. हे यंत्र फक्त जळण्यातून निघणारा वायू पकडतं. कार्बन मोनॉक्साइड."

क्लिफर्डचं तोंड उतरलं. हिरव्या दिव्याचा फोटो काढून बायकोला दाखवायचा, एवढ्यासाठी तो नातीकडून फोनचा कॅमेरा शिकून आला होता. मॉरीनने याआधीही त्याच्यावर विश्वास ठेवला होता आणि दर वेळी तिला कुठे ना कुठे पाकीट सापडलं होतं. आज सकाळी तिने बजावलं होतं, या खेपेला खोटं निघालं तर मी लेकीकडे प्रेस्टनला जाईन आणि परत येणार नाही.

"हे भरायचं लचांड मला नकोच होतं," तो करवादला. "फेकायची होती तोवर कसं झकास चाललं होतं. ओढा, संपलं की टाका. सरकारच्या डोळ्यांत खुपलं तेवढंही."

"कचऱ्याचे ढीग झाले होते त्यांचे. आणि बंदी आल्यावरही तुम्ही डबा भरून ठेवला होतात की."

"तो डबा संपला आणि भोग सुरू झाले. हे हातात घेतल्यापासून डोकं फुटतंय. सकाळी उठलं की मळमळ. सगळा त्या बाटलीतल्या रसाचा गुण."

लोरेनने हे गाऱ्हाणं मागच्या खेपेलाही ऐकलं होतं आणि कमी निकोटिनची बाटली दिली होती.

"हलका दिला, तरी दुखतं?"

"जास्तच. आणि मॉरीनचं तर माझ्याहून जास्त. म्हणते, तू रात्री घरात चोरून ओढतोस, त्या धुराने माझं डोकं उठतं. आता बोल! आयुष्यात एक झुरका घेतला नाही त्या बाईने. या व्हेपला बोटसुद्धा लावत नाही."

लोरेन कपाटातून आणखी हलक्या रसाची बाटली काढत होती. ती तशीच थांबली.

"तिचं कधीपासून दुखतंय?"

"थंडी पडल्यापासून. माझा डबा संपला तेव्हाच."

"घर कशावर गरम करता?"

"बैठकीतला गॅसचा हीटर. कोळशाच्या जुन्या शेगडीच्या जागी बसवलेला. तो एकच."

"धुराडं कधी साफ केलंत?"

क्लिफर्डला हसू आलं. "साफ कुठलं! वसंतात कावळ्यांनी घरटं केलंय त्यात. मी काठी घेऊन निघालो होतो. मॉरीन म्हणाली, राहू दे रे, पिल्लं आहेत."

लोरेनने हातातली बाटली खाली ठेवली. इतकी वर्षं हे यंत्र लोकांच्या तोंडाला लावून लावून तिला धूर म्हटलं की सिगारेटच दिसू लागली होती. हे सगळं तिने मागच्याच खेपेला विचारायला हवं होतं.

"क्लिफ, नीट ऐका. तुम्ही सिगारेट ओढलेली नाही. हा वायू हीटरमधूनही निघतो, आणि धुराडं तुंबलं की घरातच कोंडतो. त्याला वास नसतो. त्यानेच दुखताहेत तुमची डोकी. मॉरीन कुठे आहे आत्ता?"

म्हातारा पहिल्या वाक्यापाशीच अडकला होता. तुम्ही सिगारेट ओढलेली नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"हे तिला सांगशील, पोरी? तूच सांग. माझं तिला खरं वाटत नाही."

"क्लिफ! कुठे आहे ती?"

"घरीच. हीटरसमोर कोचावर पडलीय डोकं धरून. निघताना म्हणाली, दार घट्ट लावून घे, गारठा येतो."

लोरेनने टेबलावरचा फोन ओढून रुग्णवाहिका मागवली आणि ती घाईघाईने त्याचा पत्ता सांगू लागली. क्लिफर्डने आपल्या मोबाइलवरून घरचा नंबर लावला.

"बाहेर पडायला सांगा तिला!" लोरेन हाताने फोन झाकून ओरडली. "आधी बाहेर पडायला सांगा!"

त्याने मान डोलावली. घंटा वाजत राहिली, मग बंद झाली. त्याने पुन्हा लावला. पुन्हा तेच.

"माझा नंबर बघून उचलत नाहीये," तो हसून म्हणाला. "रुसलीय. तुझ्या फोनवरून लाव बघू."